रूळ धरून निघालेला विल्फ

स्केलबीचं स्टेशन बंद झालं. म्युरिएल गार्साइडची उमेदीची सारी वर्षं तिथल्या तिकिटाच्या खिडकीत गेली होती. पण तिला नोकरीपेक्षा धाकट्या भावाचीच काळजी लागली. चाळिशीतला विल्फ डोक्यानं जरा मंद. शहरात लाकडाच्या वखारीत काम करी, तिथंच राही, आणि दर शनिवारी दुपारच्या गाडीनं बहिणीकडे जेवायला येई.

"आता बसनं यायचं हं. निळी बस, चर्चसमोर उभी असते," तिनं पुन्हा पुन्हा बजावलं. त्यानं मान हलवली. तो सगळ्यालाच मान हलवायचा.

पहिल्याच शनिवारी दाट धुकं पडलं. बसमधून दोन बायका उतरल्या. विल्फ नाही.

"माझा भाऊ चढला नाही?"

"चढला असता तर उतरला असता, बाई. मी काय खिशात ठेवलाय त्याला?" ड्रायव्हर म्हणाला.

 म्युरिएल सिग्नलच्या केबिनकडे धावली. कोळशाची मालगाडी अजून त्याच रुळांवरून जाई, म्हणून म्हातारा पर्सी तिथं होता.

"पर्सी, विल्फ रुळावरून तर चालत येत नसेल?"

पर्सीनं चहाचा कप खाली ठेवला. "अगं, मालगाडी शहरातून सुटलीसुद्धा! मी सिग्नल लाल ठेवतो, पण तो सिग्नलच्या पलीकडे असला तर? हा कंदील घे. पळ!"

लाल कंदील हलवत, हाका मारत ती धुक्यात शिरली. मीच का नाही गेले त्याला आणायला?  तेवढ्यात रूळ थरथरू लागले, आणि समोर विल्फ दिसला. दोन रुळांच्या मधून, टोपी नीट घालून, रमतगमत येत होता.

"म्युरिएल, गाडी आलीच नाही बघ. मग मीच निघालो."

तिनं त्याचा कोट धरून त्याला रुळांवरून बाजूला ओढलं. ब्रेक किंचाळले. बरंच पुढे जाऊन इंजिन थांबलं.

"मरायचंय का रे?" ड्रायव्हर ओरडला.

विल्फनं अदबीनं टोपी काढली. "स्केलबीला थांबणार का, साहेब?"

पुढं दर शनिवारी म्युरिएल स्वतः त्याला आणायला जाई. तरी संध्याकाळी त्याला परत नेणारी बस दिसेनाशी झाली की मनात धाकधूक होईच. शेवटी गावातल्या सुताराकडे त्याला काम मिळवून देऊन तिनं त्याला घरीच ठेवून घेतलं. मालगाडीही बंद झाली. रूळ उखडून नेले, त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी मात्र, आयुष्य ज्यांच्याशेजारी गेलं ते रूळ नाहीत, याचंच तिला रडू आलं.