माझ्या मोहाखाली न लागलेली आग

सन्माननीय गटसदस्यहो,

माझी भाची लेखिका आहे. तीन वर्षे तिला काही सुचत नव्हते. यंदा ऋतूंवरील नव्या लेखमालेसाठी ती आमच्या गावी आली व चार दिवस सकाळी माझ्यासोबत मोहफुले वेचली. पडलेली फुले दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात व त्याने जंगलात वणवा लागतो; मी तो खराट्याने झाडतो, जाळत नाही, हे तिने स्वतः पाहिले.

आज पहिला लेख आला. त्यात मी पाला पेटवतो, असे लिहिले आहे. सोबत माझे छायाचित्र!

फोन केला तर हसली. "मामा, वाचकाईले आगच आवडते जी."

दुपारी वनरक्षक मोबाईल घेऊन दारात उभा. "बाबाजी, हे तुम्हीच ना?"

आता तिचा निरोप आहे, "पुढचा लेख तेंदूपानांवर. कधी येऊ?"

आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडण्याची रीत आहे, तिला नाही म्हणता येत नाही. मी काय कळवावे?