हुंगे मिस्त्री आणि माझी काटकसर

आमचे मिस्त्री गाडीचं दुखणं आधी हुंगायचे. चालू गाडीच्या सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरायचा, तो नाकाशी नेऊन डोळे मिटायचे, आणि मगच लॅपटॉप उघडायचा. सदर भागातल्या त्यांच्या गॅरेजात सगळे त्यांना हुंगे मिस्त्रीच म्हणत.

माझे यजमान गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या जुन्या जीपचा कार्बुरेटर काढून मिस्त्रींनी पेट्रोलचे इंजेक्टर बसवले, आणि त्यांच्यावर हुकूम चालवायला बाहेरून आणलेला एक कॉम्प्युटर. किती वेगाला, किती भाराला किती पेट्रोल सोडायचं, याचा आकड्यांचा भलामोठा तक्ता त्यात भरायचा असतो. गाडी मी चालवायची. मिस्त्री शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन एका फेरीत एकच आकडा बदलायचे. मी कुरकुरले की म्हणायचे, "काहून घाई करून राहिल्या वहिनी? इंजिनले बोलू द्या." आठवडा झाला, तरी त्या इंजिनाचं बोलणं काही संपेना.

घाई मला होती, कारण मुलानं बजावलं होतं, "आई, बाबांची म्हणून ठेवलीय ही पेट्रोलखाऊ गाडी. आता एकदा जरी बिघडली, तर सरळ भंगारात."

तेव्हा मी तरुण होते, अवघी अठ्ठावन्न वर्षांची. अक्कल यायची होती. काटोल रोडवर मिस्त्री चहाला उतरले, लॅपटॉप सीटवर उघडाच. म्हटलं, फोडणीत तेल कमी घातलं म्हणून भाजी काय रुसते? तक्त्यातल्या घराघरातून मी थोडं थोडं पेट्रोल उतरवलं आणि शहाण्यासारखी समोर बघत बसले.

पुढच्या चढावर जोर दिला, तर इंजिनातून डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज!

"पाय काढा! आधी पाय काढा!" मिस्त्री ओरडले. गाडी कडेला लागली. त्यांनी तक्ता पाहिला. "कोणं हात लावला?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"वहिनी, आभाळाले लॅपटॉप चालवता येत नाही." मग आवाज उतरला. "चढावर पेट्रोल कमी पडलं का आत आग भडकते. पिस्टनले भोक पडते."

गाडी दोरानं ओढत गॅरेजात आणली. मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून एकेका भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. एक. दोन. तिसऱ्याला बराच वेळ लागला. शेवटी म्हणाले, "चारही पिस्टन शाबूत."

मी तिथल्याच एका टायरवर मटकन बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. नेमका मुलाचा फोन. मिस्त्रींनीच तो घेतला. "काही नाही गा, गाडी चांगली आहे. आकडे जुळवून राहिलो. तुमच्या आईनं थोडी मदत केली."

ती मदत निस्तरायला आणखी महिना गेला. पण त्या महिन्यात त्यांनी मला तक्ता वाचायला शिकवलं, आणि पुढे गॅरेज बंद करून लेकीकडे राहायला गेले तेव्हा आपला जुना लॅपटॉप माझ्या हाती ठेवून गेले.

जीप अजून धावते. मुलगा भंगाराचं नाव काढत नाही. उलट रविवारी किल्ली मागतो. किल्ली देते मी. लॅपटॉप मात्र कुलपात ठेवते. शेवटी पोरगा माझाच.