खोकल्याबद्दल विचारलं तेव्हा

फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा माझा आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्यामुळे एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टरबाईंचा फोन आला, "नव्या औषधाच्या चाचणीची आखणी करतोय, रुग्णांचं मत हवंय," तेव्हा मी विचारलं, "औषध आहे कुठे?"

"अजून प्रयोगशाळेतच आहे. म्हणून तर आत्ताच विचारतोय."

नारायण पेठेतल्या छापखान्यात माझा उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. मत असं कुणी विचारलं नव्हतं. गेलो.

आम्ही पाच रुग्ण होतो. माझ्या शेजारी धायरीच्या एक बाई बसायच्या. त्यांची पिठाची गिरणी होती, ती आता सून चालवायची. बाईंच्या नाकात प्राणवायूची नळी. डॉक्टरबाई समजावत होत्या, औषधाने गुण येतो का हे पाहायला रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो ते मोजणार.

"चालायचं काय मोजताय?" बाई म्हणाल्या. "कुठं जायचं हाय मला? खोकल्याचं बघा. नातीच्या साखरपुड्याला मी बाहेर चपलांपाशी बसले. आत खोकले असते तर सगळं थांबलं असतं."

डॉक्टरबाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मी घरी आणलं. त्यात वाक्य होतं, 'विषयाद्वारे संमती मागे घेतली जाऊ शकते.' विषय म्हणजे आम्ही. मी ते खोडून लिहिलं, 'तुम्हाला वाटेल तेव्हा नको म्हणा.' चार दिवस लाल पेन घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी जेवायला हाका माराव्या लागतायत."

तिसऱ्या बैठकीत चाचणीचा मसुदा आला. खोकला पहिल्याच पानावर होता. गिरणीच्या बाईंनी मला तो भाग दोनदा वाचून दाखवायला लावला. पुढच्या पानावर चाचणीत कुणाला घेणार ते होतं. प्राणवायू लागणारे नकोत, फुप्फुसं फार खराब झालेले नकोत.

"म्हणजे आम्ही नाही," मी म्हणालो.

"नाही," डॉक्टरबाई खाली बघत म्हणाल्या. "सुरुवातीला तेवढा धोका घेता येत नाही. शिवाय सुरू व्हायलाच काही वर्षं लागतील. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"असू दे," बाई म्हणाल्या. "गिरणीत दळण दुसऱ्याचंच असतंय."

मला तसं म्हणता आलं नाही. मला ते औषध हवं होतं.

थंडीत बाई गेल्या. सुनेने फोन करून कळवलं. नंतर डॉक्टरबाईंचाही फोन आला: औषधाने प्राण्यांची यकृतं बिघडली, काम थांबवलं. "तुम्ही दुरुस्त केलेले कागद ठेवलेत आम्ही. दुसरं औषध आलं तर उपयोगी पडतील."

"आलं तर?"

"आलं तर," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात माझ्याकडेही प्राणवायूचं यंत्र आलं. जवळपास ज्योत नको, असं बसवणारा बजावून गेला. आमची खोली एकच. तेव्हापासून बायको देवापुढे निरांजन लावत नाही. नुसती हात जोडून उभी राहते.