जिनाच्या बंगल्याचा शेवटचा रकाना

“रिकामे लिहायचं नाही!”

“मग काय लिहू, मावशी? तुम्हीच सांगा.”

“पेन तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. पण रिकामे लिहून तर पाहा, कागद फाडून टाकीन!”

“सरकारी कागद आहे तो!”

“म्हणूनच फाडीन. घरचा असता तर घडी घालून ठेवला असता!”

हे भांडण जिनाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात चाललं होतं. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला गावंडे साहेब, सरकारी इंजिनियर, वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं. त्यांच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना ‘वापर’. त्यात तीनच शब्द छापलेले: शासकीय, निवासी, रिकामे. जे लागू असेल ते ठेवायचं, बाकीचं खोडायचं. ‘रिकामे’ ठेवलं, की बंगला मोडीत काढायच्या यादीत. मग जेसीबी. माणूस भला होता, पण रकान्यापुढे भल्या माणसाचंही काही चालत नाही.

भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण तुम्हाला आधीचं माहीत नाही, आणि मला मधूनच सांगता येत नाही. कापसाच्या जिनात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करायच्या गिरणीत, दिवसभर काम केलं की रुई गाठीत जाते, सरकी पोत्यात जाते, पण बारीक तंतू कुठे जात नाहीत. ते भुवयांवर बसतात, पदरात अडकतात, ताटात येतात. किश्शांचंही तेच. आम्ही बंगल्याची नोंद करायला बसलो होतो. नोंद वहीत गेली, आणि हे सगळं माझ्या अंगावर राहिलं!



आधी आम्ही कोण ते सांगते.

बाभुळगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, हा बंगला आहे. विलायती कापूस कंपनीनं आपल्या जिनाच्या साहेबासाठी बांधलेला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. लाल विटा, कमानी, छपराच्या कडेला लाकडाची कोरीव झालर, दारांवर रंगीत काचा. कंपनी बुडाली, बंगला सरकारजमा झाला. आमचे हे तिथले चौकीदार. मी सोळाव्या वर्षी लग्न होऊन तिथे आले आणि मागच्या चाकरांच्या खोलीत संसार मांडला. अजून तिथेच आहे.

बंगला पाडणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी सरकारी ऑफिसात गेले. तिथे म्हणाले, “महत्त्वाचा आहे असं म्हणता, तर महत्त्व लिहून आणा.”

आणते म्हटलं!

मग तिघं जमलो. मी, चौथी पास. वानखडे मास्तर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉईंगचे शिक्षक. आणि रामधन राठोड, जवळच्या तांड्यावरचा म्हातारा गवंडी, जो मला त्यांच्या बोलीत ‘याडी’ म्हणतो, म्हणजे आई. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे! तिघांची वयं मिळवली तर बंगल्यापेक्षा जास्त भरतात.



पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, “कमलाबाई, तुम्ही चौथी पास. इंग्रजी कुठे शिकलात?”

मी म्हटलं, “ह्याच घरात.”

स्वयंपाकघराकडून जेवणाच्या खोलीत जायच्या दारावर एक पत्र्याची पाटी आहे. निळी, वर पांढरी इंग्रजी अक्षरं. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या पाटीनं छळलं. घर झाडायचं मी, पुसायचं मी, आणि पाटी बोलते ते मला समजू नये? मी दर बाजाराच्या दिवशी एक अक्षर पाटीवरून तळहातावर कोळशानं उतरवायची आणि पोस्टातल्या बाबूला दाखवायची. “बाबू, हे काय?” बाबू सांगायचा. आठवड्याला एक अक्षर. पुढे रद्दीतून एक डिक्शनरी मिळाली, पहिली वीस पानं नसलेली. तेवढ्यावर भागवलं.

दोन वर्षांनी पाटी पुरी वाचली. तिच्यावर लिहिलं होतं: नोकरांनी ह्या दारातून येऊ नये.

दोन वर्षं त्याच दारातून दिवसातून दहादा येऊन-जाऊन मी ते वाचायला शिकले होते!

ह्यांना सांगितलं तर हसून हसून खाटेवरून पडायचे राहिले. “आता वाचता येते ना तुले? मंग आता तरी मांगच्या दारानं ये!”

“आता वाचता येते म्हणूनच इकडून जाते!”

मास्तरांनी हे ऐकलं, गंभीर झाले, वहीत लिहिलं: ‘फलक, एक. वसाहतकालीन भेदभावाचा पुरावा.’

मी म्हटलं, “असेल. पण खाली लिहा, कमलाबाईची शाळा.”



मास्तरांनी नकाशा काढला. काय सुंदर नकाशा! समोरून बंगला, मधोमध दार, दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या दोन मोठ्या खिडक्या, अगदी आरशात पाहावं तशा. मी टेप घेऊन बाहेर गेले, मोजलं, परत आले.

“मास्तर, डावी खिडकी चार बोटं लहान आहे.”

“माहीत आहे.”

“मग नकाशात सारखी काहून?”

मास्तर जरा चाचरले. मग ताठ बसून म्हणाले, “व्हिक्टोरियन शैलीत दोन्ही बाजू सारख्या असतात. इथे घराचं चुकलं आहे. मी दुरुस्त केलं.”

“घर तपासून राह्यले का तुम्ही? लाल पेन आणून देऊ?”

“कमलाबाई, तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या आहेत मी!”

“मुलं बदलतात, मास्तर. घर कसं बदलणार? त्याले उद्या नापास केलं तर ते पाडतील!”

तंबाखू मळत रामधन उजव्या खिडकीपाशी गेला. कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून मोजत गेला. मग डाव्या खिडकीपाशी. मग परत आला.

“याडी, चूक नाही हे. उजवीकडची माझ्या आज्यानं बांधली. आमचे लोक बैलावरून चुना आणत होते तवा, आजा इथंच राह्यला, गवंडी झाला. डावीकडची त्याच्या धाकट्या भावानं. साहेबानं सांगतलं, इतके हात. दोघांनी आपापल्या हातानं मोजलं.”

“मग?”

“मंग काय! भाऊ बुटका होता!”

मास्तरांनी नवा कागद घेतला. दुसऱ्या नकाशात डावी खिडकी चार बोटं लहान आहे, आणि तिच्याखाली मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आहे: ‘धाकट्या भावाचा हात.’ आजवर त्या बंगल्याची बांधणी कोणाची विचारलं की लोक इंग्रजाची म्हणायचे.



बंगल्यात प्रत्येक खोलीला भिंतीत चूल आहे. शेकायला! आमच्याकडे मे महिन्यात छपराची कवेलू तापून टिकटिक वाजतात, कावळे चोच उघडी टाकून बसतात, आणि साहेबाच्या नकाशात प्रत्येक खोलीला शेकोटी! नकाशा विलायतेत काढला, घर इथं बांधलं. मास्तरांनी चिमणीत हात घालून पाहिला. काजळीचा कण नाही. इतक्या वर्षांत एकदाही पेटली नसावी.

पण चिमणीमुळे तिथे वाऱ्याची बारीक झुळूक असायची. उन्हाळ्यात दुपारी आमचे हे हॉलमधल्या चुलीपाशी फरशीवर बसत, भिंतीला डोकं टेकून पेपर वाचत. मोठ्यानं. मी झाडत असायची, मला ऐकू यावं म्हणून. बाजारभाव दोनदा वाचायचे. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा डाग आहे. गोल. बशीएवढा.

रामधन खरवडणी घेऊन तिथे पोचला. “याडी, हे घासून दोन हात चुना मारतो. नवं होईन.”

“हात लावला तर हात मोडीन!”

तो दोन पावलं मागे गेला. त्यानं वाघ पाहिला आहे, पण त्याचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

मास्तर वही घेऊन मध्ये पडले. “कमलाबाई, प्रत्येक गोष्टीपुढे लिहावं लागतं. मूळ, नंतरचे, किंवा काढून टाकण्याजोगे. हा डाग आहे. डाग म्हणजे...”

“मूळ लिहा.”

“अहो, बंगला राणीच्या काळातला, आणि हा डाग...”

“मूळ लिहा, मास्तर!”

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. नोंद अशी आहे: ‘डाग, एक. मूळ.’



दारं सगळी सागवानी आहेत. आजूबाजूचे सगळे जुने बंगले सागवानापायी उघडे झाले, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा चोरांनी नेल्या. आमचं एक कवाडही गेलं नाही. मास्तरांना ह्याचं मोठं नवल. “एवढी चांगली राखण कशी झाली? नोंद करायला हवी.”

रामधन हळूच म्हणाला, “मडमीमुळे.”

“कोण मडम?”

“वरच्या गॅलरीत दिसते. तिनीसांजेले. पांढरी. हात पसरून चालते. माझ्या बापानं पाह्यली, म्या पाह्यली. चोर काय, पोलिसही फिरकत नाही तिकडं!”

साहेबाच्या पलंगावरच्या चादरी मी कधी पिवळ्या पडू दिल्या नाहीत. धुवायच्या, वरच्या गॅलरीत वाळवायच्या, सांजेला काढायच्या. दोन्ही हात पसरून धरल्याशिवाय मोठी चादर घडी होत नाही.

“रामधन,” मी विचारलं, “मडमीले पाहून तू काय केलं?”

“पाया पडलो आन् पळालो.”

“मग आशीर्वाद घेतल्याबिगर काहून पळाला? मीच होती ती!”

तीन दिवस तो कामाला आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, “खोटं बोलून राह्यली तू, याडी. ती गोरी होती.”



तर अशी वही भरली. दोनशे पानी. ऑफिसात दिली, आणि महिन्याभरानं गावंडे साहेब फॉर्म घेऊन आले. मास्तरांचा नकाशा त्यांनी उघडला, धाकट्या भावाच्या हातावर बोट ठेवून हसले, डागापाशी थांबले. सगळे रकाने चांगले भरले. वय, चांगलं. बांधणी, चांगली. कारागिरी, उत्तम. शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं, आणि ते भांडण सुरू झालं.

“मावशी, चिडू नका. मला कारण द्या, मी निवासी ठेवतो. तुम्ही बंगल्यात झोपत होता?”

“नाही. मांगच्या खोलीत.”

“स्वयंपाक?”

“मांगच.”

“बंगल्याच्या पत्त्यावर रेशनकार्ड? विजेचं मीटर? काहीतरी?”

“दुसऱ्याच्या घरच्या पत्त्यावर मी कार्ड कायले काढू? ऑफिसातून ह्याईले सांगतलं होतं, कोणी तरी चार्ज घ्यायला येईन, तोपर्यंत घर उघडं ठेवा. कोणी आलं नाही. आम्ही उघडं ठेवलं.”

“उघडं ठेवलं म्हणजे?”

“म्हणजे खिडक्या. बत्तीस आहेत. रोज सकाळी. हे पूर्वेच्या टोकाकडून उघडत यायचे, मी पश्चिमेच्या. सोळा त्यांच्या, सोळा माझ्या. हॉलमधी भेटायचो. जो आधी पोचला तो दुसऱ्याले चिडवायचा. मंग चहा. त्याच्याआधी चहा नाही.”

“रोज?”

“पोरीच्या लग्नाच्या दिवशीही.”

मास्तर वहीत बघत होते, रामधन व्हरांड्याच्या खांबाशी. साहेबांनी आवाज अगदी खाली आणला, खरंच भला माणूस.

“हे सगळं ठीक आहे, मावशी. ते होते तोपर्यंत बंगला वापरात होता असं मी म्हणू शकतो. पण ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. वही तुमचीच आहे, त्यात लिहिलंय. निदान ही नऊ वर्षं तरी बंगला रिकामाच होता ना?”

मग मी जे बोलले, ते ऐकल्यावर गावंडे साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि ‘रिकामे’ ह्या शब्दावर आडवी रेघ मारली. मी एवढंच म्हटलं होतं:

“माझ्या सोळा उघडून मी हॉलमधी उभी राह्यते, साहेब, ह्याईले तिकडून येयले जरा उशीर होते, एवढंच.”