शंभराव्या दिवसाचं बोलावणं

लमदुआनचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे खोन केन शहरातल्या मासेमारीच्या जाळ्यांच्या कारखान्यात झाडूवालीपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जाळ्यात यंत्राने चुकवलेली गाठ शोधायची आणि हाताने परत मारायची, हे तिचं काम. विशीत कामाला लागली, आता पंचेचाळिशी उलटली. एवढ्या काळात तिने दोन मुकादम रडवले आणि एका साहेबाला भर उन्हाळ्यात पंख्याखालून उठवून आपल्या बाकावर बसायला लावलं. नवरा दक्षिणेत रबराच्या मळ्यावर कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्यावर लमदुआनचं म्हणणं एवढंच, की बरं झालं, घरात घोरणारं एक माणूस कमी झालं.

हा राग सोसणारी माणसं जगात दोनच. एक तिची आई आणि दुसरी शेजारच्या बाकावरची थोंगसाय. थोंगसाय चार-पाच वर्षांनी धाकटी, तिला ताई म्हणणारी, अंगाने बारीक आणि स्वभावाने गरीब गाय. लमदुआन भडकली की ती खाली मान घालून गाठी मारत राहायची आणि वादळ ओसरलं की म्हणायची, "झालं? आता डबा उघड." लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. लमदुआनची आई दर सणाला तिला कुठल्या ना कुठल्या देवळात न्यायची, मनगटाला पांढरा दोरा बांधायची आणि घरी आणून चिकट भात नि मिरचीची चटणी पोटभर खाऊ घालायची. पोटच्या लेकीपेक्षा हिचेच लाड जास्त, ही लमदुआनची कायमची तक्रार.

म्हणून तर आई गेली तेव्हाचा घाव जिव्हारी लागला. घरी तीन रात्री भिक्खूंचं पठण झालं. सगळा कारखाना येऊन गेला. अंगणात चुली पेटल्या, बायांनी भाज्या चिरल्या, रडवलेल्या एका मुकादमानेसुद्धा खुर्च्या मांडल्या. थोंगसाय तेवढी आली नाही. तिचा नवरा तांदळाचं पोतं टाकून गेला, "तिला बरं नाही" एवढं पुटपुटला आणि पाणीही न पिता निघाला. दहनाच्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं, की थोंगसाय आत्ताच बाजारात दिसली. लमदुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावर परतल्यावर तिने आधी बाक बदलून घेतला आणि थोंगसायकडे पाठ करून बसली. मधे थोंगसाय बरेच दिवस रजेवर होती. का, ते लमदुआनने कुणाला विचारलं नाही.

पगाराच्या संध्याकाळी दोघींनी मिळून मूक्राथा, म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर आपणच भाजलेलं मांस, खायचं, हा जुना नेम. तोही मोडला होता. या महिन्यात थोंगसायनेच फाटकापाशी गाठून विचारलं, "ताई, येतेस?" लमदुआन हो म्हणाली, पण जेवायला नव्हे. थोंगसायला तोंडावर एकच वाक्य सुनवायचं आणि उठायचं, असं तिने ठरवलं होतं: आईच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला माझ्या घराची पायरी चढायची नाही.

खानावळीच्या पत्र्याच्या लांबलचक मांडवात ती शिरली तेव्हा उजेड होता, पण प्रत्येक टेबलावरून धूर उठायला लागला होता. थोंगसायने कोपऱ्यातलं नेहमीचं टेबल धरलं होतं. कोळशाची शेगडी, तिच्यावर मधे फुगलेला तवा, कडेच्या खोलगट पन्हाळीत उकळतं पाणी, आणि ताटांत मसाला लावलेलं डुकराचं मांस, काळीज, माकूळ, कोबी, शेवया. चरबीचा तुकडाही तव्याच्या टकुऱ्यावर ठेवून झाला होता.

"एवढं कशाला आणलंस?" लमदुआन बसता बसता कडाडली. "इथं कुणी आठवडाभराचं उपाशी आहे?"

"तुला काळीज आवडतं म्हणून."

"माझ्या आवडीची आता आठवण झाली?"

थोंगसायने बर्फ घातलेले बिअरचे दोन पेले भरले आणि चिमटा लमदुआनपुढे सरकवला. इतकी वर्षं चिमटा लमदुआनच्याच हातात असायचा. ती भाजायची, उलटायची, ओरडायची, आणि चांगला खरपूस तुकडा थोंगसायच्या वाटीत टाकायची. आज तिने चिमट्याकडे बघितलंसुद्धा नाही. हाताची घडी घालून बसली.

मग थोंगसायच भाजू लागली. तिला कुठलं जमायला! एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं. तिने एक तुकडा लमदुआनच्या वाटीत टाकला. लमदुआनने तो उचलून परत तव्यावर टाकला.

"आता बोल," लमदुआन म्हणाली. "बाजारात काय घ्यायला गेली होतीस? माझी आई जळत होती, आणि तू कोथिंबिरीचा भाव करत होतीस?"

"बाजारात नव्हते गेले."

"बघणाऱ्याचे डोळे फुटले होते का?"

"बाजारामागच्या गल्लीत होते."

"गल्लीत! म्हणजे आलीस, फिरलीस, सगळं केलंस. माझ्या अंगणात तेवढे तुझे पाय मोडले. ज्या म्हातारीनं तुला घास भरवले तिला एक उदबत्ती लावायला तुझा हात झिजला असता का गं? बाहेरची माणसं राबली माझ्याकडे, थोंगसाय. आणि मी वेड्यासारखी रस्त्याकडे बघत होते. भिक्खू सूत्रं म्हणताहेत आणि माझं लक्ष रस्त्यावर! लाज वाटली मला माझीच."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. लमदुआनने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ती मुकाट्याने आपल्या शेवयांकडे वळली.

थोंगसाय पन्हाळीत पाणी ओतायला उठून पुढे वाकली. शेगडीच्या उजेडात तिच्या सैल सदऱ्यावर, ऐन पोटावर, काहीतरी चमकलं. साधी सेफ्टी पिन. ना तिथे बटण होतं, ना काही उसवलेलं.

लमदुआन आणखी एक टोमणा मारणार होती, तो ओठांवरच राहिला. पोटुशी बाई मेल्याघरी जात नाही, आणि गेलीच तर पोटावर पिन टोचून जाते, म्हणजे मेल्याची सावली बाळाला धरत नाही. तिच्या आईनेच कितीतरी सुनांच्या सदऱ्यांना अशा पिना लावल्या होत्या. लमदुआनच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं: न येणं, नवऱ्याचं पुटपुटणं, रजा. आणि ती आणखीच भडकली.

"अगं सटवे!" तिने थोंगसायच्या हातातला पेला हिसकावला. "दिवस गेलेत तुला, आणि बिअर पितेस? आणि हे कच्चं काळीज? अक्कल आहे का? आणि मला सांगितलं नाहीस! मला! जगाला नको सांगू, पण मला? ठेव तो चिमटा. तुला भाजता येतं का? नीट शिजवून देते, बैस खाली."

तिने चिमटा ओढून घेतला आणि तुकडे फटाफट उलटायला लागली. हा राग गेल्या दोन महिन्यांतला नव्हता. तो जुना होता, डबा उघडायच्या आधीचा.

थोंगसायने हात लांब करून पेला परत घेतला.

"आता नाहीयेत, ताई," ती म्हणाली, आणि अर्धा पेला एका दमात प्यायली.

तव्यावरचा तुकडा करपला तरी लमदुआनने उलटला नाही.

"कधी?"

"तुझी आई जळत होती तेव्हा. गल्लीतला तो दवाखाना."

"आणि तू मला..."

"काय सांगू?" थोंगसायचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला लमदुआनने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. "तीन महिने भरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, सासूनं तंबी दिली होती. त्यात तुझी आई गेली. तू रडत असताना येऊन आनंदाची बातमी देऊ? तरी पिन लावली. काळा सदरा घातला, पिन लावली, निघाले. सासू जिन्यावर आडवी बसली. म्हणाली, माझ्या नातवाला प्रेताच्या दारात नेशील तर माझ्या अंगावर पाय देऊन जा. नाही गेले. ऐकलं तिचं. मग का गेलं? सगळं ऐकलं ना मी? सांग, का गेलं?"

लमदुआनने करपलेला तुकडा खरवडून कडेला काढला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणावर ओरडावं ते कळेना.

"नंतर सांगायचंस," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाला? तू बाक बदललास. कामावर परत आले तर समोर तुझी पाठ. पाठीला सांगू?"

तेवढ्यात मांडवाची मालकीण टेबलाशी आली. भरलेल्या ताटांवरून नजर फिरवून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत ती गोड आवाजात म्हणाली, "मावशी, ताटात उरलं तर दंड पडतो हं."

ओरडायला माणूस सापडलं. लमदुआन स्टूल मागे ढकलून उभी राहिली. "उरेल कसं? उरेल कसं? माणसं जेवायला आलीत, पळायला नाही! तुझं काळीज अर्धं बर्फ, तुझ्या माकुळाला वास येतोय, आणि तू दंड सांगतेस? इथं माणसाच्या घशाखाली घास उतरेना, आणि तुला ताटाची पडलीय! जा, कोळसे आण. चांगले पेटलेले आण!"

मालकीण गेली. कोळसे खरोखरच आले. लमदुआन खाली बसली आणि बाहीने डोळे पुसून म्हणाली, "धूर किती करतात मेले."

तिने नवी चरबी तव्यावर ठेवली. मांस पसरलं. तुकडे उलटता उलटता तिने विचारलं:

"नाव धरलं होतंस का काही मनात?"

"खियत."

"बेडकी?"

"तुझ्या आईनंच सांगून ठेवलं होतं. मूल झालं तर असंच काहीतरी ओंगळ नाव ठेव, बेडकीला भुतं नेत नाहीत म्हणून."

"आणि नेलंच शेवटी! काडीचा उपयोग नाही त्या म्हातारीचा." लमदुआनने खरपूस तुकडा उचलून थोंगसायच्या वाटीत टाकला, मग दुसरा, मग तिसरा. "खा. त्या मालकिणीला ऐकवलंय मी, आता एक शेवई उरली तरी तोंड दाखवायला जागा नाही. खा म्हणते ना."

थोंगसाय खाऊ लागली. खाता खाता रडू लागली, तरी खात राहिली.

"शंभरावा दिवस पुढच्या महिन्यात आहे," लमदुआन तव्याकडेच बघत म्हणाली. इथे यायच्या आधी पाठ केलेलं वाक्य तिला आठवत होतं. "पहाटे ये. भात तू लावायचास. भिक्खू मेलेल्यांच्या नावानं पाणी सोडायला सांगतील तेव्हा मी आईचं नाव घेईन, तू खियतचं घे. म्हातारीला तिकडे काम नाही, ओरडायला कुणी नाही. सांभाळेल."

"सासू सोडायची नाही."

"तिच्या जिन्यावर मी येऊन बसते. बघू कोण कुणाच्या अंगावर पाय देतं."

थोंगसायने नाक पुसलं. तिचा हात नकळत पोटावर गेला, त्या पिनेपाशी.

"पिन लावूनच येऊ ना, ताई? अजून काढवत नाही."

लमदुआनने चिमटा खाली ठेवला. टेबलावरून हात लांब करून तिने ती पिन आपणच उघडली, काढली आणि मुठीत धरली.

"माझी आई आहे ती," ती म्हणाली. "तिच्या सावलीपासून लपवायचं काय?"