मधली अकरा पोती

बँकेचं पत्र अण्णांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी तेव्हा लातूरला माहेरी गेले होते. एरवी अण्णा पेपरसुद्धा पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत स्वतः वाचतात, पण हे पत्र त्यांनी देवघराच्या फळीवर नुसतं ठेवून दिलं होतं. आई हळूच म्हणाली की त्यांनी ते वाचलंय, पण माझ्या तोंडून काही वेगळा अर्थ निघतो का ते त्यांना बघायचंय. वेगळा अर्थ निघत नव्हता. आरोग्याविषयी फोनवर विचारलं असता ग्राहकाने पूर्वीचा हृदयविकार लपवला, सबब तक्रार फेटाळण्यात येत आहे, एवढंच त्यात होतं.

माझं डोकं फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी तावातावानं बोलत सुटले, आणि अण्णा मात्र 'लपवला' या शब्दाकडे बघत बसले होते.

अण्णा लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. आडतीवर शेतकऱ्याचा माल उतरला की पोतं काट्यावर चढवून घ्यायचं, आणि कितवं पोतं ते आणि त्याचं वजन पुकारायचं, हे त्यांचं जन्माचं काम. मापाड्यानं ना विकणाऱ्याचं व्हायचं ना घेणाऱ्याचं. अण्णांनी पुकारलेलं वजन पुन्हा करा असं म्हणणारा माणूस मी लहानपणापासून पाहिला नाही. घरात पैसा कधी फार नव्हता, पण हे होतं, आणि आम्ही सगळे त्यावर ताठ मानेनं चालायचो.

घरावर स्लॅब टाकायला त्यांनी कर्ज काढलं. शाखेतल्या तरुण साहेबानं सांगितलं, विम्याशिवाय फाइल पुढं जात नाही. उद्या आजारी पडून काम थांबलं तर हप्ते विमा कंपनी भरेल, काका, तुमच्याच भल्याचं आहे. अण्णांनी तिथंच, त्याच्या टेबलासमोर, शर्टाची बटणं काढून छातीवरचा चिरा दाखवला. हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. साहेब म्हणाला, राहू द्या काका, कागदाचं मी बघतो, तुम्हाला एक फोन येईल तेवढा घ्या. विम्याचे पैसे कर्जातूनच कापले गेले.

पुढे अण्णांना दुसऱ्यांदा त्रास झाला, दवाखाना झाला, काम थांबलं. आम्ही विमा मागायला गेलो तर उत्तर मिळालं की ज्याला आधीपासून हृदयविकार आहे त्याला हा विमा लागूच होत नाही. मग लागू होत नव्हता तर गळ्यात कशाला मारला, एवढंच मी तक्रारीत विचारलं होतं. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र आलं.

डॉक्टरांनी तोवर हलकं काम करायला परवानगी दिली होती. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता, आडतीवरून दोनदा निरोप आला. अण्णा गेले नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "लबाडीचा कागद ज्याच्या नावावर हाय, त्यानं काट्याला हात लावू न्हाई."

ते ऐकल्यावर मला हप्त्यांचं काही वाटेनासं झालं. हप्ते कसेही फिटले असते, मी नांदेडला घरी ब्लाउज शिवते, आणखी चार शिवले असते. पण सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, ओट्यावर नुसते बसलेले अण्णा माझ्याच्यानं बघवत नव्हते.

त्या फोनचं अण्णा पहिल्यापासून एकच सांगत होते. फोन आला तेव्हा ते मोंढ्यात राशीपुढं होते. धान्याच्या राशीपुढं अभद्र बोलत नाहीत. पहिलं पोतं मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. माल संपला म्हणत नाहीत, वाढला म्हणतात. चपला लांब काढतात. मरण, आजार, तोटा ही नावं तिथं कुणी काढलीच तर म्हातारे हमालसुद्धा खेकसतात. तिथं उभं राहून आपल्या आजाराचं नाव अण्णा घेणार नव्हतेच. "राशीपुढं सांगितलो न्हाई, माय. बाजूला होऊन सांगितलो," असं ते म्हणायचे. मी हे जसंच्या तसं तक्रारीत लिहिलं होतं. बँकेनं त्यातला पहिला अर्धा घेतला आणि दुसरा सोडून दिला.

माझा नवरासुद्धा एकदा जेवताना म्हणाला, अण्णांचं वय झालं, सांगायचं मनात असेल आणि राहून गेलं असेल. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच विभागीय कार्यालयाचा पत्ता शोधून आणला, कारण ते नांदेडलाच होतं. तिथं फेरविचाराचा अर्ज करता येत होता, मी केला. दीड महिन्यानं बोलावणं आलं. फोनवर मला आधीच बजावलं गेलं, की इथं निकाल लागला की बँकेकडून विषय बंद होईल.

अण्णा सकाळच्या एसटीनं आले. स्टँडवर उतरले तेव्हाच ओठ सुकलेले दिसले. रिक्षात मी विचारलं, गोळी घेतली का, तर मान हलवली. सगळ्या रस्त्यानं त्यांचा एक हात शर्टाच्या वरच्या बटणावर होता. मला वाटलं, दुखतंय की काय. मग कळलं, ते बटण लावलेलं आहे ना, हे चाचपत होते. आता पुन्हा कुणाला चिरा दाखवायचा नव्हता त्यांना.

तक्रार बघणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर, समोर फायलींचा ढीग. बोलायला तुटक, पण बसा म्हणाल्या, पाणी मागवलं. लातूरचा तो तरुण साहेबही आला होता. त्यानं अण्णांना नमस्कार केला, काका म्हणाला. छातीवरच्या चिऱ्याचं विचारलं तेव्हा मात्र टेबलाकडे बघत म्हणाला की तसं काही आपल्याला आठवत नाही, रोज इतके लोक येतात. अण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान मी आधी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, आठवणींवर जायलाच नको, फोनची रेकॉर्ड केलेली नोंद आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर ती लावली. मोंढ्याचा गलका, ट्रक मागे घेतानाची शिट्टी, आणि एका मुलीचा गोड आवाज. तिनं घडाघडा आजारांची यादी वाचली आणि विचारलं की यापैकी काही आहे का. अण्णांचा आवाज आला, "सगळं चांगलं हाय, ताई." मग मुलगी म्हणाली, अटी मान्य आहेत का. "हाव," अण्णा म्हणाले. धन्यवाद, आणि संपलं.

मॅडमनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या की आवाज तुमचाच आहे, यावर मी काय करू शकते सांगा. अण्णा उठायलाच लागले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सोड, माय. माझ्याच तोंडचं हाय."

 पण काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा लावा. मॅडमनी घड्याळ बघितलं, पण लावलं. या वेळी मी बोलणं ऐकलंच नाही, मागचा गलका ऐकला. शाळा सुटली की मी मोंढ्यात अण्णांचा डबा घेऊन जायचे. ते जेवून उठेपर्यंत पोत्यांवर बसून पुकारा ऐकायचा, हाच माझा खेळ होता. तो पुकारा आताही मागे चालू होता. अण्णांच्या हातात फोन, म्हणून त्यांचा जोडीदार मापाडी पुकारत होता.

मी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा तो साहेब हसला आणि मॅडम वैतागल्या. मी म्हटलं, मॅडम, आमचं बोलणं ऐकू नका, मागचा माणूस काय म्हणतोय तेवढं ऐका. "सगळं चांगलं हाय"च्या आधी, अगदी कानाशी, "लाभ". त्याच्या पाठोपाठ "दोन". मग अण्णांचं वाक्य. लगेच मुलीचं, अटी मान्य आहेत का. आणि तिच्या मागे, लांबून, पुसट, "चौदा".

"मॅडम," मी म्हटलं, "दोनावरून चौदावर माणूस एका श्वासात जात नाही. मधली अकरा पोती कुठं गेली?"

 साहेब म्हणाला की तो दुसऱ्या आडतीवरचा कुणी असेल. तेव्हा अण्णा पहिल्यांदा सरळ बसले. म्हणाले, "त्यो आवाज माझ्या जोडीदाराचा हाय. तीस वर्षं झाली ऐकलालाव." आणि पुढं, "आन् चौदा लांबून येलालंय, कारण मी तवा बाजूला गेलतो."

मॅडमनी स्वतः चौथ्यांदा ऐकलं. मग फोन उचलला आणि वरच्या ऑफिसला पूर्ण नोंद मागितली. पलीकडचा माणूस बहुतेक म्हणत होता की संबंधित भाग पाठवलाय. मॅडम म्हणाल्या, संबंधित काय ते मी ठरवीन, अख्खी पाठवा. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

ती दुपार मी विसरणार नाही. पुकारा ओळखल्याचा माझा ताठा बाकावर बसल्या बसल्या उतरला. अख्खी नोंद राहिलीच नसेल तर? असेल आणि अण्णा तिच्यात पुसट काहीतरी पुटपुटलेले असतील तर? माझाच बाप, मी रक्ताचं पाणी करून त्याला इथवर आणलं, आणि इथंच तो कायमचा खोटा ठरला तर त्याचा जीव जाईल, आणि तो मी घेतलेला असेल. अण्णांच्या कपाळावर घाम होता. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाले. खरं सांगा म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली. चहा आला, दोघांचाही तसाच निवला.

तीन वाजून गेल्यावर आत बोलावलं. साहेब नव्हता, त्याला शाखेतून फोन आला म्हणून तो बाहेर गेला होता. मॅडमनी नोंद लावली आणि आवाज मोठा केला. लाभ. दोन. सगळं चांगलं हाय, ताई. आणि मग, त्याच दमात, अण्णांचा आवाज, "जरा थांबा, ताई. राशीपुढं असलं बोलत नसतेत. बाजूला होतो." पायांखाली धान्य करकरलं. मागचा पुकारा तीन, चार, पाच करत लांब लांब जात राहिला. मग अण्णा, एकदम स्पष्ट, "हां, आता लिहून घ्या. माझं हृदयाचं आपरेशन झालंय. छाती चिरलेली हाय. तिथल्या सायबाला दाखवलो बी."

मुलगी अडखळली. म्हणाली, सर, शाखेनं आजार नाही असं भरून पाठवलंय, मी तेच पुढे घेते. अण्णा म्हणाले, मग ते चुकीचं भरलंय, दुरुस्त करा. ती म्हणाली, ते शाखेतच सांगावं लागेल. सांगतो म्हणाले. मग तिनं विचारलं की अटी मान्य आहेत का. लांबून चौदा ऐकू आलं.

मी रडले. आवरलंच नाही, पदरानं तोंड दाबून रडले. मॅडम खिडकीकडे बघत बसल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि समजावून सांगायला लागल्या, की विम्याचे कापलेले पैसे व्याजासकट परत होतील, शाखेकडून खुलासा मागवला जाईल, रीतसर पत्र येईल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पैशाचं सावकाश बघा, बाई. पत्रात एवढं लिहा, की यानं लपवलं न्हवतं."

मॅडम म्हणाल्या की पत्राचा मसुदा ठरलेला असतो. अण्णा जागचे उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून, काट्याचे आकडे स्थिर व्हायची वाट बघावी तसे बसून राहिले. शेवटी मॅडमनी पेन काढलं आणि ते वाक्य त्यांच्यादेखत लिहून घेतलं.

पत्र यायला महिना लागला, पण ते वाक्य त्यात होतं. आईचा फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीनं लातूर गाठलं. मला वाटलं होतं, अण्णा ते पत्र मोंढ्यात चारचौघांना दाखवतील. निदान आडतीवाल्याला तरी. त्यांनी ते कुणालाच दाखवलं नाही. घडी करून आतल्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, चल, डबा घेऊन ये.

हंगाम सरत आला होता, तरी आडतीवर एक मोठी रास होती. जोडीदारानं त्यांना बघितलं आणि काही न विचारता काट्यापासून बाजूला झाला. अण्णांनी चपला लांब काढल्या. खिशातला मोबाइल काढून बंद केला आणि माझ्या हातात दिला. राशीला हात लावून तो कपाळाला लावला. हमालांनी पहिलं पोतं चढवलं, काट्यावरचे आकडे पळत पळत एका जागी थांबले, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"लाभ," अण्णांनी पुकारलं.