कानातला बोळा

पुदुमुनंबच्या बंदरावर मत्तायीचेट्टनने, म्हणजे मत्तायीदादाने, आयुष्यात एकदाही चूक केलेली नव्हती. हे कुणी पडताळून पाहिलेलं नाही. तो स्वतःच चौपन्न वर्षं तसं सांगत आला होता आणि लोकांनी ते खाऱ्या वाऱ्यासारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं. त्याने आणलेला मासा शिळा निघाला तर चूक माशाची. छत्री घरी राहिली तर चूक पावसाची, त्याने आधी कळवायला हवं होतं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तो भलत्याच चर्चच्या दारात कोट घालून अर्धा तास उभा होता. त्याबद्दल तो आजही म्हणतो, "पत्रिकेतलं अक्षर बारीक होतं."

"पत्रिका तुम्हीच छापून आणली होती, इच्चाया," बायको अच्चाम्मा ताटात उकडलेला कप्पा-कंद वाढता वाढता म्हणते.

"म्हणूनच सांगतोय. छापणाऱ्याला मी मोठं अक्षर सांगितलं होतं."

नोकरी मात्र त्याला स्वभावाला शोभेल अशी मिळाली होती: दुसऱ्यांच्या चुका पकडण्याची. हवेत कोण कुठल्या लहरीवर बोलतंय, परवान्याने बोलतंय की चोरून, हे तपासणाऱ्या सरकारी खात्यात तो तंत्रज्ञ होता. दोन वर्षांपूर्वी खात्याने त्याच्याकडे एक करडा डबा पाठवला. कागदोपत्री नाव स्पेक्ट्रम अॅनालायझर. अँटेनातून येईल तेवढं सगळं तो ऐकायचा, प्रत्येक लहरीचा जोर पडद्यावर रेघांच्या उंचीने दाखवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी सगळी हकीकत नेटवरून चेन्नईच्या कचेरीला कळवायचा. मत्तायीच्या फोनवरही त्याचा पडदा दिसायचा. लोक फोनवर नातवंडांचे फोटो दाखवतात, हा रेघा दाखवायचा.

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर त्याने तो डबा बसवला, तो सोहळा बंदराने पाहिला होता. खांबाला कावळे बसू नयेत म्हणून जुन्या जाळ्याचे तुकडे. जोडांवर खारं वारं लागू नये म्हणून रबरी पट्टीचे तीन थर, आणि वर चौथा स्वतःच्या समाधानासाठी. वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून मनगटाएवढी तांब्याची तार. डब्याला नेटवरचा कायमचा पत्ता दिला, घड्याळ चेन्नईच्या घड्याळाशी जुळवलं. पुढे दर गुरुवारी तो वर जायचा, जोड सोडून स्पिरिटने पुसायचा, आत घर केलेल्या मुंग्यांना समज देऊन बाहेर काढायचा, पुन्हा पट्ट्या गुंडाळायचा.

एकच गोष्ट त्याने पुस्तकाप्रमाणे केली नाही. अँटेनाची तार आणि डबा यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एक पितळी तुकडा लावायचा असतो. येणारा प्रत्येक आवाज तो ठरावीक मापाने मंद करतो, म्हणजे जवळच्या दणदणीत आवाजाने डब्याचे कान फुटत नाहीत. खात्यातले लोक त्याला 'बोळा' म्हणतात. मत्तायीने तो लावून पाहिला आणि त्याला दिसलं की तीस-चाळीस मैलांवरच्या नावा वायरलेसवर बोलतात, त्यांच्या रेघा पार बुडून जातात. त्याचे दोन मेहुणे, अच्चाम्माचे भाऊ, त्यातल्याच एका नावेवर होते. त्याने बोळा काढून खिशात टाकला. "माझ्या डब्याला मुंगीची शिंकही ऐकू येते," असं तो त्या दिवसापासून सांगू लागला, आणि चेन्नईलाही ते इतकं पटलं की येत्या महिन्यात इतर केंद्रांच्या लोकांना डबा बसवायला शिकवण्यासाठी त्यालाच बोलावणार, असं ठरत आलं.

तेवढ्यात सोमवारी मत्तायीला आणि मच्छीमार सोसायटीला चेन्नईचं पत्र आलं. नावांच्या संकटकाळच्या लहरीवर, म्हणजे जिथे फक्त बुडणाऱ्याने हाक मारायची तिथे, गेले सहा आठवडे रोज सकाळी नऊला कुणीतरी बडबडतं आहे. डब्याने तसं कळवलं आहे. आवाज जोरदार, म्हणजे जवळचा. जवळ त्या लहरीवर बोलू शकणारा किनाऱ्यावरचा परवाना एकच, मच्छीमार सोसायटीचा. तरी बुधवारी अधिकारी येऊन तो संच सील करतील.

सोसायटीचा संच म्हणजे भार्गवी. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली, त्यात ती अकरा वर्षं बसत होती. सकाळी साडेआठला नावांना हवामान सांगायची आणि मग, नऊचा लिलाव आटोपून, दिवसभर कान उघडे ठेवायची. पंच्याऐंशी नावांचा किनाऱ्याशी धागा तो एवढाच. पत्र वाचून ती तडक गच्चीवर आली. पत्रात डब्याचं नाव आलं म्हणून मत्तायी गुरुवारची वाट न बघता मुंग्या काढत होता.

"मत्तायीचेट्टा, तुमच्या डब्याने माझं नाव घेतलं म्हणे."

"डबा नाव घेत नाही. रेघ दाखवतो."

"नऊ वाजता मी धक्क्यावर मासळीच्या लिलावाला असते. अख्खं बंदर मला तिथे ओरडताना ऐकतं. वायरलेसची गरजच काय मला?"

"मग खोलीत दुसरं कुणी बसत असेल."

"किल्ली माझ्या कंबरेला असते. कंबर माझ्याबरोबर असते."

"भार्गवी, तू चांगली बाई आहेस. पण डबा खोटं बोलत नाही. मी बसवलाय तो."

"म्हणूनच म्हणते, चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय लागली असेल त्याला."

मत्तायीने पुढची मुंगी बाहेर काढली. ती जिन्याकडे वळली, थांबली. "बुधवारी सील लागलं तर नवीन परवान्याला चार महिने. हे वादळाचे दिवस. कुणी हाक मारली तर ती कोण ऐकणार, तुमच्या मुंग्या? उद्या नऊला माझ्या खोलीत येऊन बसा. मीही बसते. कोण बोलतं ते दोघं मिळून बघू."

मंगळवारी तो गेला, खरं तर तिला पकडायलाच. भार्गवीने लिलाव जावेवर सोपवला होता. तिने संचाची वायर भिंतीतून उपटली आणि ते टोक त्याच्या हातात दिलं. "धरून ठेवा. नाहीतर म्हणाल पायाने लावली." मग काळा चहा आणला आणि समोर बसली.

मत्तायी एका हातात वायर, दुसऱ्या हातात फोन घेऊन बसला. नऊला दोन मिनिटं होती तेव्हा पडदा शांत होता. नऊला संकटाच्या लहरीवर रेघ उभी राहिली. भार्गवीचा संच मेलेला. तिच्या टेबलावर नावेवरचा एक हातातला वायरलेस त्याच लहरीवर सुरू होता, तोही गप्प. हवेत कुणीच बोलत नव्हतं. फक्त डब्याला ऐकू येत होतं.

"चहा गार होतोय, चेट्टा."

त्याने चहा घेतला नाही. त्याने फोनवरच डब्याला त्या लहरीचं बोलणं ऐकवायला सांगितलं. दोन पुरुषांचा एकमेकांत कालवलेला आवाज आला. एक म्हणत होता तीन नंबरची तार जोडली का, दुसरा म्हणत होता गाळाचा पडाव भरला का. मत्तायीने डोळे मिटले. पहिला माणूस वीजवाल्यांचा. त्यांचा वायरलेसचा खांब कारखान्याच्या मागेच. दुसरा गाळ काढणाऱ्या कंपनीचा. त्यांनी सहा आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या पुढे खांब उभा केला. दोघंही रोज नऊला आपापल्या माणसांची हजेरी घेतात, आपापल्या लहरीवर, रीतसर परवान्याने. पण दोन दांडगे आवाज उघड्या कानांच्या डब्यात एकदम घुसले की आत त्यांचं एक तिसरंच पोर जन्माला येतं. बाहेर ते कुठेच नसतं. खात्यात त्याला भूत म्हणतात, आणि डब्याच्या कानात बोळा लावायचा तो मुख्यतः या भुतासाठीच.

बोळा मत्तायीच्या खिशात होता. दोन वर्षं किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला.

"काय झालं?" भार्गवीने विचारलं.

"काही नाही. डब्यात जरा दमट हवा गेली असेल."

"हवेची चूक का मग?"

मत्तायीने वायरचं टोक टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. त्या दिवशी जेवताना मासा खारट लागला तरी त्याने माशाला दोष दिला नाही, तेव्हा अच्चाम्माने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

बुधवारी अधिकारी आले. सेल्वरंगन नावाचा पस्तिशीचा तरुण साहेब, हातात लाखेचा डबा आणि शिक्का. मत्तायी त्याला धक्क्यावर न नेता गच्चीवर घेऊन गेला. मागोमाग भार्गवी, कारण तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. नऊ वाजले, रेघ उभी राहिली.

"हीच ती," साहेब म्हणाला.

"साहेब, खऱ्या-खोट्याची परीक्षा तुम्हाला माहीतच आहे," मत्तायी म्हणाला. त्याने जुडग्यातून पितळी बोळा काढला आणि तार सोडून मध्ये बसवला. "हा दहा डेसिबलचा बोळा. खरा आवाज दहाने खाली येतो. भूत तिसाने."

पडद्यावर वीजवाल्यांची रेघ दहाने उतरली. गाळवाल्यांची दहाने. संकटाच्या लहरीवरची रेघ तीस काय, पार तळाच्या बारीक रेघांच्या गवतात जाऊन नाहीशी झाली.

सेल्वरंगनने पडदा पाहिला. मग जुडग्याकडे पाहिलं. "हा बोळा इतके दिवस कुठे होता, मत्तायी?"

भार्गवी समुद्राकडे बघू लागली. मत्तायीने जुडगं खिशात टाकलं.

साहेबाने फॉर्म काढला. "मी लिहितो, यंत्रात तांत्रिक बिघाड. तुमचं चेन्नईला शिकवायला जाणंही कायम राहील."

"आणि सोसायटीचा परवाना?"

"बिघाड नक्की कशाने, ते ठरेपर्यंत चौकशी चालू राहील. संच तोवर बंद. दोन महिने धरा. बसवणाऱ्याने स्वतः कारण लिहून दिलं तर फाइल आजच मिटते. पण मग तुमच्या जागी शिकवायला दुसरं कुणीतरी जाईल, हे सांगून ठेवतो."

मत्तायीने फॉर्म घेतला आणि पाण्याच्या टाकीवर ठेवून लिहायला बसला. कारणाच्या रकान्यात आधी लिहिलं, 'गाळ कंपनीने खांब जवळ उभारल्यामुळे'. ते खोडलं. मग लिहिलं, 'पुस्तकातील सूचना बारीक अक्षरात असल्यामुळे'. तेही खोडलं. रकाना छोटा होता आणि आता त्यात एकच ओळ मावत होती.

"पेन चालत नाही का?" साहेबाने विचारलं.

"पेनाला काही झालेलं नाही," मत्तायी म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं. त्याने लिहिलं, 'बोळा मी काढला होता. चूक माझी.' आणि खाली सही केली, एरवी करायचा त्याच्या निम्म्या आकाराची.

साहेबाने लाखेचा डबा पिशवीत टाकला. भार्गवी जिना उतरताना एवढंच म्हणाली, "उद्या बांगडा पाठवते. शिळा निघाला तर मला सांगा, माशाला बोलू नका."

संध्याकाळी अच्चाम्माने फॉर्मची प्रत दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. "इच्चाया, हे अक्षर तुमचंच आहे?"

"रकाना लहान होता," मत्तायी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझंच आहे."

तिने ती प्रत बायबलमध्ये ठेवली नाही, भिंतीवरही लावली नाही. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली, लागली तर चटकन सापडावी म्हणून.

गुरुवारी साडेआठला तो मुंग्या काढायला वर गेला. बोळा जागेवर होता, त्यावर पट्टीचे चार थर. लांबच्या नावा आता डब्याला ऐकू येत नव्हत्या. भार्गवीचा आवाज तेवढा स्वच्छ येत होता. ती हवामान सांगत होती, मधेच थांबून कुणाचं तरी ऐकत होती आणि उत्तर देत होती: "हो, ऐकू आलं. पुन्हा सांगा. तुम्ही दोघं आहात ना? इंजिन दुरुस्त झालं का? बरं. बहिणीला निरोप देते."

त्या बोलण्याची दुसरी बाजू मत्तायीला ऐकू येत नव्हती. पण चाळीस मैलांवरून इंजिनाचं रडगाणं कोणते दोघं गात असतील, हे कळायला त्याला डब्याची गरज नव्हती.